लक्ष्मणाच्या उशाशी

रामनवमीच्या रात्री आमच्या वाडीत, चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यात, मारुतीच्या देवळासमोर नाटक व्हायचं. सुपारीच्या पोफळी बांधून केलेला मंच, मागे कुणाच्या तरी लग्नातला पडदा, आणि दोन पेट्रोमॅक्स. नाटक दरवर्षी निराळं असलं तरी त्यात लक्ष्मणाला शक्ती लागायलाच हवी, असा बायकांचा आग्रह. सीता पळवली नाही तरी चालेल, पण लक्ष्मण पडला पाहिजे. त्या वर्षी लक्ष्मण होता माझा आतेभाऊ, अकरावीतला. राम म्हणजे पोस्टातले काका, भरदार आवाजाचे, घरी पोरांशी महिन्यातून चार वाक्यं बोलणारे.

लक्ष्मण घोंगडीवर पडला. रामानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळावर हात ठेवला आणि विलाप सुरू केला. दुसऱ्या वाक्यावर काका थांबले. हात तिथंच. तोंडातून शब्द नाही. विंगेतून कुणीतरी पुढचं वाक्य कुजबुजलं, तेही त्यांना ऐकू गेलं नसावं. मांडवात चिडीचूप. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, ‘अरे, पानी तरी दे त्याला!’ आणि बायका पदर डोळ्यांना लावून हुंदके देऊ लागल्या. इतका चांगला राम आमच्या गावानं पुन्हा पाहिला नाही.

गोष्टीतल्या माणसाला लागलं-खुपलं, तो तापानं फणफणला, आणि कुणी त्याच्या उशाशी येऊन बसलं, की आपल्याला बरं वाटतं. विचित्र आहे हे. दुखतंय त्याला, आणि सुखावतोय आपण! लढाईची वर्णनं विसरतात, पण जखम बांधणारा हात लक्षात राहतो. बर्लिनच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी सुमारे ५०० सालचं एक ग्रीक पानपात्र आहे. त्यावर ट्रॉयच्या युद्धातला महावीर अकिलीस मित्र पॅट्रोक्लसच्या दंडाला पट्टी बांधताना रंगवलाय. पॅट्रोक्लसनं मान फिरवलीय, वेदनेनं दात दिसतायत. ज्याच्या रागावर आख्खं महाकाव्य उभं आहे त्या अकिलीसचं सगळं लक्ष पट्टीच्या टोकाकडे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराला आणि आमच्या वाडीतल्या बायकांना पाहायचं होतं ते एकच.

आमच्या रायगडच्या किनाऱ्याला तर लक्ष्मणाच्या या प्रसंगावर थेट हक्कच सांगता येतो. उरणजवळ करंजाच्या डोक्यावर द्रोणागिरी उभा आहे. पायथ्याशी ओएनजीसीचा प्रकल्प, एका अंगाला कोळ्यांच्या होड्या, माथ्यावर किल्ल्याचे अवशेष. हनुमान संजीवनीचा डोंगर घेऊन लंकेकडे निघाला तेव्हा त्याचा एक तुकडा इथं पडला, असं तिकडची माणसं सांगतात. असाच तुकडा श्रीलंकेत गॉलजवळच्या रुमस्सलालाही पडलाय. आणि ज्यांच्याकडून डोंगर नेला, त्या उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यातल्या द्रोणागिरी गावचे लोक हनुमानावर अजून रुसलेले आहेत. तिथं त्याची पूजा होत नाही. म्हणजे औषध ज्यांचं गेलं ते अजून धुसफुसतायत, आणि वाटेत ज्यांच्या अंगणात सांडलं ते खूश.

हा प्रसंग वाल्मीकींनी फार बारकाईनं लिहिला आहे. डोंगर दोनदा येतो. पहिल्यांदा इंद्रजितानं राम-लक्ष्मणासकट सगळी सेना पाडल्यावर, जांबवानाच्या सांगण्यावरून. तो चार वनस्पती सांगतो: मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सुवर्णकरणी आणि संधानकरणी. एक जीव आणते, दुसरी रुतलेलं शस्त्र काढते, चौथी तुटलेलं सांधते. तिसरी मात्र निव्वळ कातडीचा वर्ण पूर्ववत करते. सगळी सेना मरून पडली असताना व्रणाची काळजी करणारा हा कवी मला फार आवडतो. जखम भरली तरी आरशात ती रोज दिसते, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्यांदा डोंगर येतो तो रावणाची शक्ती लक्ष्मणाला लागल्यावर. राम म्हणतो की धनुष्य हातातून निसटतंय, डोळ्यांपुढे पाण्याचा पडदा आलाय, आता मला राज्यही नको आणि लढाईही नको. तेव्हा सुषेण वैद्य काय करतो? औषधाचं नाव काढायच्या आधी तो रामाला लक्ष्मण दाखवतो. हा गेलेला नाही. याचा चेहरा बघ, बिघडलेला नाही, काळवंडलेला नाही. तळहात बघ, अजून कमळासारखे लाल आहेत. मग हनुमानाला पाठवतो. डोंगर आल्यावर वनस्पती कुटून नाकाशी धरतो. म्हणजे पहिला उपचार झाला तो पडलेल्यावर नाही, उशाशी बसलेल्यावर.

आणि याच ठिकाणी राम रडतो. आपल्या कथांतले पुरुष सहसा एकमेकांना हात लावत नाहीत. भाऊ भावाला, बाप मुलाला ‘तू मला हवा आहेस’ असं सरळ म्हणत नाही. लाजच वाटते. त्यासाठी कुणाला तरी शक्ती लागावी लागते, निदान १०२ ताप यावा लागतो. ताप आला की घराचे कायदे तेवढ्यापुरते उठतात. एरवी करवादणारा बाप रात्री दोनदा उठून कपाळाला हात लावून जातो, सासू सुनेला पेज करून देते. अमेरिकेत १९७०च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्या बायका त्यातल्या कप्तानाला आणि त्याच्या कधीही भावना न दाखवणाऱ्या सहकाऱ्याला घेऊन हौसेनं गोष्टी लिहीत, सायक्लोस्टाइल करून वाटत. एकाला जखमी करायचं आणि दुसऱ्याला त्याच्या उशाशी बसवायचं. या प्रकाराला त्यांनी नावही दिलं, ‘हर्ट-कम्फर्ट’. माझी कॉलेजातली भाची असलं काहीतरी मोबाइलवर मराठीत लिहिते. तिला म्हटलं, अगं, आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या दर रामनवमीला हेच मागत होत्या.

मराठीत या कामाचे शब्दही बघण्यासारखे आहेत. ‘तिनं सासूचं आजारपण काढलं’ असं आपण म्हणतो. आजारपण ‘काढायचं’ असतं, काटा काढावा, दृष्ट काढावी तसं. आणि दिवस काढावेत तसंही. आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे ‘समाचाराला जाणं’, आणि कुणाला झापणं म्हणजे ‘समाचार घेणं’. आमच्या काही नातेवाइकांना या दोहोंतला फरक कधी कळलाच नाही. पण सगळ्यांत खोल शब्द म्हणजे शुश्रूषा. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, त्याचं इच्छार्थक रूप. ऐकायची इच्छा, म्हणून सांगितलेलं करणं, म्हणून सेवा, आणि शेवटी आजाऱ्याची देखभाल. पाय चेपणं, पथ्याचं करणं, औषध वेळेवर देणं हे सगळं नंतर आलं. आधी आलं ते कान देऊन बसणं.

मराठीत हे ज्या पुस्तकानं घराघरांत नेलं, त्याच्या लेखकाचं स्मारक आमच्याच रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या वडघरला आहे. साने गुरुजी जन्मले खालच्या अंगाला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडला. ‘श्यामची आई’ त्यांनी बहुतांशी नाशिकच्या तुरुंगात, १९३३च्या फेब्रुवारीत पाचेक दिवसांत लिहून काढलं. त्यात अश्रू फार आहेत अशी टीका होते. मला ती फारशी खोटी वाटत नाही, पण टीका करणारे एक गोष्ट पाहत नाहीत. ते पुस्तक आजारपणांनी भरलेलं आहे, आणि दर आजारपणाशी कुणीतरी बसलेलं आहे.

पहिल्याच रात्रीची गोष्ट घ्या. वटसावित्रीचं व्रत आहे आणि आईला हिवतापानं उभं राहवत नाही, वडाभोवती फिरताना घेरी येते. ती श्यामला म्हणते, माझ्या बदल्यात तू प्रदक्षिणा घाल. पोरगा लाजतो, बायकांत मी कसा जाऊ म्हणतो. आई समजावते, आणि तो जातो. व्रत कुणाचं? तर सावित्रीचं. लाकडं फोडता फोडता सत्यवानाचं डोकं दुखायला लागलं, त्यानं तिच्या मांडीवर डोकं टेकलं, आणि मग तिनं यमाला आपलं ऐकायला लावलं. तिच्यापाशी औषधाची पुडी नव्हती, शस्त्र नव्हतं. ती बोलत राहिली आणि यम ऐकत राहिला. मृत्यूच्या देवाकडूनच शुश्रूषा करून घेणारी दुसरी बाई कुठल्या पुराणात असेल तर मला माहीत नाही.

पाचव्या रात्रीचा आरंभ मला त्याहून जवळचा वाटतो. आश्रमात रोज रात्री गोष्ट सांगणारा श्याम आज तापानं पडला आहे. सोबती पाय चेपू का विचारतात, तो नको म्हणतो. आज गोष्ट राहू दे, पडून राहा, असं त्यांचं म्हणणं. तरी तो सांगतोच, आणि सांगतो ती मथुरीची गोष्ट, घरी कांडायला येणाऱ्या, तापानं आजारी पडलेल्या मथुरीची आणि तिची काळजी वाहणाऱ्या आईची. आजारी माणूस आजारी बाईची गोष्ट सांगतोय आणि भोवती बसलेले ऐकतायत. शुश्रूषा या शब्दाचे दोन्ही अर्थ तिथं एका चटईवर बसले आहेत. अत्र्यांनी १९५३ साली या पुस्तकाचा चित्रपट केला, वनमाला आई झाल्या, आणि १९५४च्या पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. थिएटरात लोक ओक्साबोक्शी रडत, हे आमच्या आधीच्या पिढीनं इतक्यांदा सांगितलंय की आपणही तिथं होतो असं वाटतं.

अर्थात मराठी गोष्टींत दार नेहमीच उघडत नाही. आपण पोरांना सगळ्यांत आधी जी गोष्ट सांगतो तीच बघा ना. पावसात शेणाचं घर वाहून गेलेला कावळा कुडकुडत मेणाच्या घरापाशी येतो, आणि आतून चिमणी बाळाची अंघोळ, बाळाची तीट असली एकेक कारणं सांगत राहते. लहानपणी मला त्या कावळ्याची इतकी दया यायची की मी आजीला गोष्ट बदलायला लावायचो. ‘दार उघडलं आणि त्याला चहा दिला,’ असं ती म्हणायची, आणि मगच मी झोपायचो. आणि मोठेपणी वाचलेल्या ‘कोसला’त सांगवीकराची धाकटी बहीण मनी देवीनं जाते तेव्हा तो पुण्यात असतो. तिच्या उशाशी नसतो. नेमाड्यांनी ती पानं तशीच उघडी सोडली आहेत. तिथं कुठली आजी गोष्ट बदलणार?

किनारा सोडून पनवेलच्या वाटेला लागलं की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. त्याच्या कपारीत आग्या मोहोळं लटकतात, आणि गडावर गेलेल्यांना माश्या फोडून काढतात अशा बातम्या अधूनमधून येतच असतात. गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ घडते ती याच डोंगराच्या सावलीत, ठाकरांच्या वाडीत. तिच्यावरचा डॉ. जब्बार पटेलांचा चित्रपट १९७७चा. ढोल वाजवणाऱ्या नाग्याच्या डोळ्याला माशी डसते आणि एक डोळा जातो. गावाला तो देवाचा कोप वाटतो. चिंधी मात्र त्याच्या जवळ येते, त्याला धरून राहते. ती ‘रडू नको’ म्हणणारी नाही. नाग्याला राणीमाशीचा सूड हवा असतो आणि ती त्याचं वेड आपलं करते. त्याची किंमतही शेवटी तीच मोजते, माश्यांच्या हल्ल्यात. फुंकर घालणाऱ्यांच्या रांगेत तिला कुठं बसवावं मला कळत नाही. पण चिंधी झालेल्या स्मिता पाटीलचा तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

त्याच सुमाराला, १९७६ साली, त्याच जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. त्या भागात लाल विंचू चावून माणसं मरत, मुलं तर जास्तच. नक्की कशानं मरतात याचा पत्ता पुस्तकांत नव्हता. बावस्कर रोग्यांच्या खाटेशी बसून राहिले. घाम कधी फुटतो, हातपाय कधी गार पडतात, उलटी कधी होते, छातीत पाणी कधी भरतं, हे बघत आणि लिहीत गेले. ती निरीक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. १९८६ साली त्याच नियतकालिकात त्यांनी रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर कसं चालतं ते मांडलं. ही काही कादंबरी नाही. पण सुषेणानं तळहाताचा रंग पाहिला, तेच पाहणं हे. संजीवनी शोधायला डोंगर उचलावा लागतोच असं नाही.

तर आमचा राम. काका गप्प का झाले ते पडदा पडल्यावर कळलं. त्यांनी कपाळावर हात ठेवला तेव्हा लक्ष्मण खरोखरच तापला होता. सकाळपासून अंग मोडून आलं होतं, पण वर्षभराची तालीम फुकट जाईल म्हणून पोरगा बोलला नव्हता. हाताला तो चटका बसला आणि राम पुढचं विसरला. पडदा पडताच त्यांनी मुकुट काढून फेकला, आतेभावाला खांद्यावर टाकला आणि तशाच निळ्या तोंडानं, पितांबरात, सायकलच्या कॅरिअरवर बसवून रेवदंड्याच्या डॉक्टरांकडे नेला. दार उघडायला आलेल्या कंपाउंडरनं समोर राम बघून हात जोडले म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका आत्याकडे आले. हातात झाकलेलं पातेलं, आत चिंबोऱ्यांचा रस्सा. तापावर, सर्दीवर आमच्याकडे त्याच्यावर फार विश्वास. कानामागे निळा रंग तसाच राहिलेला. खाटेच्या कडेला बसून त्यांनी विचारलं, ‘कसा हायस?’ आतेभाऊ म्हणाला, ‘बरा हाय.’ मग दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत. आत्यानं ताट आणून ठेवलं, आणि काकांनी चिंबोरीची नांगी फोडून त्याच्यापुढे सरकवली.