तारकाचिन्हाखालचा मजकूर

व्यापाऱ्याने आपल्या मालाची चार शब्द वाढवून स्तुती करावी आणि गिऱ्हाइकाने ती हसून सोडून द्यावी, हा बाजाराचा जुना रिवाज असल्यामुळे, जाहिरातीतील विधानाबद्दल कोणास जाब विचारता येत नाही असा समज शिकल्यासवरल्या माणसांतही दृढमूल झालेला आढळतो. निव्वळ अतिशयोक्तीपुरता तो खराही आहे; पण विधान तपासण्याजोगे झाले की ही सबब टिकत नाही, हे लंडनच्या अपील न्यायालयाने १८९२ सालीच ठरवून टाकले. ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ हे साधन सांगितल्याप्रमाणे वापरूनही ज्यास इन्फ्लुएन्झा होईल त्यास शंभर पौंड देऊ, आणि आमच्या सचोटीची खूण म्हणून हजार पौंड बँकेत ठेवले आहेत, असे छापणाऱ्या कंपनीने श्रीमती कार्लिल आजारी पडताच ‘ती नुसती जाहिरात होती’ असा पवित्रा घेतला. न्यायाधीशांनी त्या हजार पौंडांकडेच बोट दाखवून शंभर पौंड देवविले.

याहून सूक्ष्म गैरसमज असा की, जाहिरातीतला एकही शब्द खोटा नसेल तर ती निर्दोष. दुकानाच्या काचेवर हातभर आकड्यांत ‘५०%’ आणि त्याच्या कुशीत मुंगीएवढे ‘पर्यंत’ असते. आत गेल्यावर ती निम्मी सूट कोपऱ्यातल्या, कोणाच्याच मापाला न येणाऱ्या सदऱ्यांपुरती निघते. शब्द खरा, समज खोटा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हेही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत घातले आहे, ते अशाच चातुर्यासाठी. तारकाचिन्ह टाकून खाली ‘अटी लागू’ लिहिले म्हणजे जबाबदारी संपली, असेही नव्हे: २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात, सहज वाचता येईल असा हवा, आणि फसव्या दाव्याची दुरुस्ती करण्याचे काम त्याच्यावर सोपवता येत नाही. मराठी दाव्याखाली धावणारी इंग्रजी ओळ या कसोटीस कशी उतरते, ते वाचकांनीच पाहावे.

जाहिरात छापून आली म्हणजे सरकारने तिची खातरजमा केली, हा तर भाबडेपणा होय. १९८५ साली मुंबईत स्थापन झालेली जाहिरात मानक परिषद ही सरकारी कचेरी नसून व्यवसायाने स्वतःहून उभारलेली संस्था आहे. आणि खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील चौदा आकडी क्रमांक हा परवान्याचा असतो, गुणवत्तेच्या प्रशस्तिपत्राचा नव्हे.

औषधांच्या बाबतीत कायदा याहून कडक आहे. मधुमेहासारख्या अनुसूचित व्याधी बऱ्या करण्याच्या औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने सर्वसामान्य जनतेपुढे करताच येत नाही, मग औषधाचा गुण येवो वा न येवो. तरी हमखास इलाजाची पत्रके भिंतोभिंती दिसतात, ती अंमलबजावणीच्या ढिलाईची साक्ष.

‘नट बिचारा लिहून दिलेले बोलतो’ ही सहानुभूतीही अनाठायी आहे. दाव्याची रीतसर शहानिशा न करता शिफारस करणाऱ्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच कसूर केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते, शिवाय अनुक्रमे एक व तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदीही घालू शकते.

आणि या प्राधिकरणाकडे तक्रार करण्यास दिल्ली गाठावी लागत नाही. तसा लेखी अर्ज आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येतो. सोबत जाहिरातीचे कात्रण किंवा छायाचित्र तारखेनिशी जोडावे.