भूक, चटक आणि तलफ

खाण्याच्या इच्छेसाठी मराठीत शब्दांची चैन आहे. भूक लागते, चटक लागते, तलफ येते, वखवख सुटते, डोहाळे लागतात. आणि यांपैकी काहीच नसले तरी ‘तोंडात टाकायला काहीतरी’ हवे असते. बोलताना आपण हे शब्द अचूक वापरतो. पण चांगले खायचे ठरवले आणि चौथ्या दिवशी वेफर्सचे पाकीट फोडले, की सगळ्यांचा अर्थ एकच होतो: मनावर ताबा नाही. या लेखात मला यांतले तीन शब्द पुन्हा वेगळे करायचे आहेत. भूक, चटक आणि तलफ यांची कारणे निराळी आहेत, म्हणून त्यांच्यावरचे उपायही निराळे आहेत.

या विषयाकडे मी केवळ कुतूहलाने वळले नाही. आमच्या घरात मधुमेह दोन पिढ्या मुक्कामाला आहे. गेल्या वर्षी माझ्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहाचा उंबरठा मानला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेही सुमारे १०.१ कोटी आणि उंबरठ्यावर उभे असलेले १३.६ कोटी. त्या गर्दीत मीही होते. काय खावे, हे डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितले आणि मला ते कळलेही. नको ते खावेसे वाटेल तेव्हा काय करावे, हा प्रश्न उरला. त्यासाठी वाचन सुरू केले आणि एक वही ठेवली. काय खावेसे वाटले, किती वाजता, कुठे, एवढेच तिच्यात लिहायचे. खाल्ले की नाही, हे लिहायचे नाही.

दोन आठवड्यांत वहीने पहिली गोष्ट दाखवली. बहुतेक नोंदी संध्याकाळी पाच ते सातच्या होत्या. दुपारी एकला डबा, रात्री साडेनऊला जेवण. मध्ये साडेआठ तास आणि दोन कप चहा. त्यात ‘डाएट’ म्हणून डब्यातली एक पोळी कमी केलेली. ही साधी भूक होती. पण त्या वेळी ऑफिसच्या खाली जे मिळते ते वडा, सामोसा आणि पॅटिस, म्हणून तिने तळणीचा वेष घेतला होता. भुकेला निर्धाराने हरवता येत नाही, तिला खायला द्यावे लागते. साडेचारला मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे किंवा वाटीभर मटकीची उसळ आणि ताक सुरू केले, तेव्हा पाच ते सातच्या नोंदी निम्म्याहून खाली आल्या.

भुकेचा दुसरा धागा झोपेशी जोडलेला आहे. शिकागो विद्यापीठातल्या २००४ च्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढले, पोट भरल्याची खबर देणारे लेप्टिन घटले आणि ओढ वाढली ती विशेषतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी काकडी नकोशी वाटते, त्याला हे कारण आहे.

चटक ही वेगळी गोष्ट. ती लागते, म्हणजे कोणीतरी किंवा काहीतरी ती लावते. अमेरिकेतले संशोधक हॉवर्ड मॉस्कोविट्झ यांनी खाद्य कंपन्यांसाठी केलेल्या कामातून एक कल्पना रूढ झाली. तिला आपण आनंदबिंदू म्हणू. पदार्थातली साखर वाढवत नेली तर तो एका बिंदूपर्यंत अधिकाधिक आवडतो आणि त्यापुढे गोडमिट्ट होऊन नकोसा होतो. तो बिंदू मोजून शोधता येतो आणि पदार्थ नेमका तिथे आणून ठेवता येतो.

अशा अन्नाचे काय होते, याची सर्वांत काटेकोर परीक्षा केव्हिन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत घेतली. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. २० माणसांना महिनाभर रुग्णालयातच ठेवले. दोन आठवडे कारखान्यातले अतिप्रक्रिया केलेले अन्न, दोन आठवडे साधे शिजवलेले. दोन्ही ताटांत वाढलेले उष्मांक, साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू सारखे ठेवले होते. हवे तेवढे खा, असे सांगितले होते. कारखान्यातल्या अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती, भरभर खात होती आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलोने वाढली. साध्या अन्नावर तेवढीच घटली. माणसे तीच होती, त्यांचा मनोनिग्रहही तोच होता. बदलले होते ते ताट. ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग वाचावा असे मला वाटते.

चटक लागते तशी ती सुटतेही, मात्र सावकाश. १९८२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी काही जणांना पाच महिने कमी मिठाच्या आहारावर ठेवले. हळूहळू त्यांची जीभच बदलली. सूप आणि बिस्किटांत त्यांना पूर्वीपेक्षा कमी मीठ रुचू लागले. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ऐकून जेवण अळणी होणार अशी भीती वाटते. पहिले काही आठवडे ते अळणी लागतेच. माझ्या बाबतीत तिसऱ्या महिन्यात बाजारची शेव खारट लागू लागली. साखर मी चहातून अर्ध्या-अर्ध्या चमच्याने कमी केली, एकदम नाही. जिभेला नवा हिशेब शिकायला वेळ लागतो.

तिसरी तलफ. ती पोट भरलेले असतानाही येते आणि तिला जागा, वेळ किंवा वास लागतो. ‘तोंडाला पाणी सुटणे’ हा आपला वाक्प्रचार पाव्हलोव्हच्या कुत्र्यांवरचा सगळा सिद्धांत तीन शब्दांत सांगतो: अन्नाआधी येणारी खूणच अन्नाचे काम करू लागते. मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी यापुढचे दाखवले. हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूतल्या दोन निराळ्या यंत्रणा आहेत. उंदरांच्या मेंदूतले डोपामिन जवळजवळ नाहीसे केले, तर ते समोरच्या अन्नाकडे फिरकत नाहीत; पण जिभेवर साखरपाणी ठेवले की चेहऱ्यावरची पसंती तशीच दिसते. उलट बाजूने आपणही हे अनुभवतो. पाकिटातला शेवटचा वेफर फारसा आवडलेला नसतो, तरी हात आत जातच असतो.

तलफेला ‘नाही म्हणजे नाही’ म्हणून दाबले तर ती वाढते. डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितले आणि अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिले. त्यापेक्षा मनाला दुसरे काम द्यावे. तलफ बरीचशी चित्रांतून चालते. प्लिमथ विद्यापीठातल्या २०१५ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना आयपॉडवर तीन मिनिटे टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा खेळ दिला, तेव्हा तलफेची तीव्रता कमी झाली. कारण डोळ्यांपुढची जागा ठोकळ्यांनी व्यापली. मी त्या जागी रांगोळीचे ठिपके जोडते. तलफ पूर्ण जात नाही, पण पाय आपोआप दुकानाकडे वळत नाहीत, एवढे पुरते. याखेरीज रस्ता बदलणे आणि डबा घरातच न ठेवणे, हे जुने उपाय खुणेलाच काढून टाकतात.

सर्वांत घातक असते ती तलफेपुढे एकदा नमल्यानंतरची मनःस्थिती. हर्मन आणि मॅक यांनी १९७५ मध्ये विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम चाखायला सांगितले. एरवी खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी नव्हे, जास्त खाल्ले. आता मोडलेच आहे तर होऊन जाऊ दे! ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांना हा निष्कर्ष नवा वाटणार नाही. म्हणून माझ्या वहीत ‘मोडले’ असा रकानाच नाही. संध्याकाळी वडापाव खाल्ला तर रात्री ठरलेली भाजी-भाकरी खायची. त्याची शिक्षा नाही आणि त्याच्या नावाने सुट्टीही नाही.

हे दिवाळी अंकात वाचताना तुमच्या शेजारी बहुधा फराळाची ताटली असेल. घरची चकली तेलाची आहेच, तिला पौष्टिक म्हणण्यात अर्थ नाही. पण तिच्याभोवती कुंपण होते: भाजणी भाजा, दळून आणा, सोऱ्या फिरवा, कढईपाशी उभे राहा आणि हे वर्षातून एकदा. आता तीच चकली बारा महिने पाकिटात मिळते. ते कुंपण आता आपले आपणच घालायला हवे. या वर्षी मी फराळ जेवणानंतर, ताटलीत वाढून, बसून, कोणाच्या तरी सोबत खाणार आहे आणि डबा ओट्यावरून उचलून माळ्यावर ठेवणार आहे. पुढची तपासणी जानेवारीत आहे.