जाहिरातीतलं घर आणि ग्राहकाचा हक्क

जाहिरातीत बाग, पोहण्याचा तलाव आणि दोन वर्षांत ताबा. प्रत्यक्षात इमारत अर्धवट, आणि ग्राहक घरभाडं व कर्जाचा हप्ता दोन्ही भरतो आहे. हा अन्याय मुकाट्याने सोसायचं कारण नाही. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजेच ‘रेरा’, विकासकाला त्याच्या शब्दाला बांधून घेतो. महाराष्ट्रात त्यासाठी ‘महारेरा’ हे प्राधिकरण २०१७ पासून काम करतं.

जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर कलम १२ नुसार भरपाई मागता येते. करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर कलम १८ दोन मार्ग देतं: व्यवहारातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत घ्यायचे, किंवा घर कायम ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्यायचं. शिवाय, करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम विकासकाला घेता येत नाही.

म्हणून तोंडी आश्वासनावर भिस्त ठेवू नका. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक तपासा, ताब्याची तारीख करारात लिहून घ्या आणि जाहिरात, माहितीपत्रक, पावत्या जपून ठेवा. तक्रारीच्या वेळी हेच कागद तुमच्या बाजूने बोलतील.