हाताशी आलेलं दुकान

दुकानांची मांडणी न्याहाळण्याचा नाद मला शाळेपासून आहे. पुण्याच्या कसबा, शनिवार, सदाशिव या पेठांतल्या जुन्या वाणसामानाच्या दुकानात माल फळीच्या पलीकडे आणि गिऱ्हाईक अलीकडे असे. काय हवं ते सांगायचं. वाणी तोलून, पुडी बांधून द्यायचा. लक्ष्मी रस्त्यावर गादीवर साड्यांचा ढीग पडे, पण घडी मोडणारा हात दुकानदाराचा. शिवाय कोण कुणाचा मुलगा हे वाण्याला पाठ. गोळ्यांच्या बरणीत कुणी हात घातला, की पोर घरी पोचण्याआधी बातमी पोचलेली असे.

तुळशीबागेची तऱ्हा निराळी. नारो अप्पाजी तुळशीबागवाल्यांनी पेशवाईत उभारलेल्या राममंदिराभोवती हा बाजार वाढला. इथे कानातली, टिकल्या, क्लिपा थेट नाकासमोर टांगलेल्या. एवढ्या गर्दीत उचलेगिरी कशी ओळखता, असं तिथल्या एका मावशींना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "घेणारी पोरगी वस्तूकडे बघते. उचलणारी माझ्याकडे बघते."

माल गिऱ्हाइकाच्या हाताशी आणण्याची ही कल्पना पॅरिसमध्ये भव्य झाली. १८५२ पासून आरिस्तिद बूसिको यांनी 'ल बाँ मार्शे' वाढवलं. कुणीही आत यावं, वस्तू हाताळावी, भाव लिहिलेलाच असे. अशाच दुकानावर एमिल झोला यांनी १८८३ मध्ये कादंबरी लिहिली. तिच्यातली एक सुखवस्तू बाई लेस चोरताना पकडली जाते. त्या काळी श्रीमंत बाईनं उचललं तर आजार आणि गरीब बाईनं उचललं तर गुन्हा, असा न्याय सर्रास चाले. तो मला आजही अस्वस्थ करतो, कारण आपल्याकडेही बंगल्यातल्या मुलाची 'खोडी' असते आणि वस्तीतल्या मुलाची 'चोरी'. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिगली विगली' हे दुकान काढलं. गिऱ्हाइकानं टोपली घ्यावी, स्वतः माल उचलावा आणि बाहेर पडताना पैसे द्यावेत. आज विमाननगरपासून कोथरूडपर्यंत आपण अशाच दुकानांत फिरतो. माल मुलाच्या हाताशी आला आणि त्याला नावानं ओळखणारा वाणी गेला. पूर्वी चोरी आधी घराला कळे, आता आधी कॅमेऱ्याला कळते. म्हणून घराची जबाबदारी वाढली आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार ५,००० रुपयांहून कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच सिद्ध झाली आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. अठरा वर्षांखालच्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. त्यांना पोलीस कोठडीत ठेवता येत नाही.

प्रत्येक उचलेगिरी हा आजार नसतो. क्लेप्टोमेनियात गरज नसलेली वस्तू उचलण्याची अनावर ओढ लागते, आधी ताण वाढतो, उचलताच सुटल्यासारखं वाटतं आणि मागाहून अपराधीपणा येतो. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेनुसार हजारात तीन ते सहा जणांनाच तो असतो. त्यावर समुपदेशन आणि औषधं, दोन्ही आहेत. मुलांच्या बाबतीत बहुधा मित्रांची पैज, मनात भरलेली वस्तू किंवा घरातली धुसफूस असते. आजोबांनी उतारवयात अचानक वस्तू उचलायला सुरुवात केली, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात असं घडतं.

घरात दोन चुका हमखास होतात. एक घर झोडपतं, दुसरं गुपचूप पैसे भरून विषय दाबतं. मारानं मूल लपवायला शिकतं, दाबण्यानं 'बाबा निस्तरतील' हे शिकतं. माझं मत ठाम आहे: शक्यतो त्याच दिवशी मुलानं स्वतः वस्तू परत करावी, बोलावं त्यानंच, आणि आई किंवा वडिलांनी शेजारी उभं राहावं. वस्तू वापरली असेल तर किंमत खाऊच्या पैशातून फेडावी. त्या रात्री 'का घेतलीस?' यापेक्षा 'तेव्हा काय वाटत होतं?' हे विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. मग विषय संपवावा. भाऊबिजेला आत्या-काकांसमोर तो निघता कामा नये. पुन्हा पुन्हा घडलं, तर समुपदेशकाकडे सगळ्या घरानं जावं. येरवड्याच्या 'मुक्तांगण'नं १९८६ पासून व्यसनाच्या उपचारात घरच्यांनाही सामील करून घेतलं आहे. तीच वाट इथेही उपयोगी आहे.

दुकानदारांना एक विनंती. पकडलेल्या मुलाचा फोटो भिंतीवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लावू नका. गुन्ह्याच्या प्रकरणात अडकलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं मनाई आहे. त्याऐवजी घरी फोन करा. आणि पालकांनो, असा फोन आला तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, मुलाला सोबत घेऊन जा. एकट्यानं झेपत नसेल, तर 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तो आजच लिहून ठेवा.