शरदातलं पान हिरवंच असतं

सप्टेंबर संपत आला होता. आमची चार वर्षांची नात बालवर्गातून एक कागद घेऊन घरी आली. कागदावर पाच टोकांचं एक भलंमोठं पान छापलेलं, शेजारी भोपळा, शेपटी फुगवून बसलेली खार आणि टोपलीत द्राक्षांचे घड. वर ठळक अक्षरांत शब्द होता ‘ऑटम’. पान लाल-नारिंगी रंगवून आणायचं होतं. तिनं इमानेइतबारे रंगवलं. मग गॅलरीच्या गजांतून खाली डोकावून विचारलं, ‘‘आजी, आपलं झाड लाल कधी होणार गं?’’

खाली कडुनिंब उभा होता. चार महिन्यांच्या पावसानं धुऊन निघालेला, हिरवागार. त्याची पानं गळायची ती फाल्गुनाच्या आगेमागे. तिला काय उत्तर द्यावं, मला चटकन सुचेना.

आणि त्या टोपलीतल्या द्राक्षांचं काय करायचं? युरोपात द्राक्षांची तोडणी होते ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणून ती त्या चित्रात येऊन बसली. आपल्या नाशकात मात्र हे दिवस गोडी बहार छाटणीचे. घड बाजारात यायला लागतात ते साधारण जानेवारीपासून आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पुरतात. म्हणजे दिंडोरी-निफाडकडे बाप कात्री घेऊन वेलीपुढे उभा आणि त्याच दिवशी त्याचं लेकरू शाळेत शरदातल्या पिकल्या द्राक्षांना जांभळा रंग देतंय! त्या लेकराला घरी दिसतं ते खरं मानायचं की शाळेत सांगतात ते?

कुणी म्हणेल, एवढ्याशा चित्राचा काय बाऊ करायचा? पण तीन ते सहा वर्षांचं मूल जग शिकतं ते डोळ्यांनी, हातांनी, नाकानं आणि जिभेनं. त्या वयात आपण त्याला एक सवय लावत असतो. बघितलेलं सांगायची, नाहीतर सांगितलेलं गिरवायची. खिडकीबाहेरचं झाड हिरवं दिसत असताना पान लाल रंगवणारं मूल दुसरी सवय शिकतं. पुढे शाळेत ‘हे असं का?’ असं विचारणारी मुलं कमी का, याचं एक उत्तर इथेही सापडेल.

लाल पान, तिकडचं आणि आपलं

थंड देशांत दिवस लहान होऊ लागले, गारठा वाढला की पानांतलं हिरवं द्रव्य नाहीसं होतं. त्याखाली दडलेला पिवळा रंग उघडा पडतो, काही झाडांत लाल रंग नव्यानं तयार होतो आणि मग पान गळतं. तिथल्या मुलांना ते अंगणात दिसतं, म्हणून त्यांच्या बाई त्यांना तेच रंगवायला देतात. त्यांचं काहीच चुकत नाही. चुकतो तो तो कागद जसाच्या तसा उचलणारा.

आपल्याकडे ऋतू सहा. आश्विन-कार्तिक हा शरद. पाऊस ओसरलेला, नदीचं पाणी निवळू लागलेलं, आकाश स्वच्छ, पांढऱ्या ढगांचे पुंजके, दुपारी ऑक्टोबरचं चटका देणारं ऊन आणि पहाटे गवतावर दव. हा भरलेपणाचा ऋतू आहे, पानगळीचा नव्हे. आपली पानगळ शिशिरात. लाल होऊन गळणारं पान दाखवायचंच असेल, तर थंडीच्या अखेरीस देशी बदामाखाली मुलांना न्यावं. आणि आणखी एक गंमत सांगावी. पिंपळ, आंबा, कुसुंब यांची पानं तांबूस-लाल असतात ती कोवळी असताना. तिकडे लाल पान निरोप घेतं, आपल्याकडे ते जन्माला येतं. हे चार वर्षांच्या मुलाला सहज कळतं. फक्त झाडाखाली उभं राहावं लागतं.

कोसबाडच्या टेकडीवर

आपल्या बालशिक्षणाच्या परंपरेत हा विचार नवा नाही. नाशकाहून त्र्यंबक-जव्हारच्या वाटेनं घाट उतरून डहाणूकडे गेलं की कोसबाडची टेकडी लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम या टेकडीवरचं. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या जोडीनं ताराबाईंनी माँटेसरी पद्धत आपल्या मातीत रुजवली. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू झालं आणि १९५७ साली ते कोसबाडला आलं. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रुळलेला शब्द ताराबाईंच्या त्या प्रयोगातला.

माँटेसरीची मूळ साधनं महागडी. पाड्यावर ती कुठून आणायची? मग पानं, फुलं, बिया, खडे, शिंपले हीच साधनं झाली. लहान-मोठं, गुळगुळीत-खरखरीत, जड-हलकं, एक-दोन-तीन हे सगळं त्यातूनच शिकवता येत होतं. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण, तर अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही तीन ते आठ वर्षांच्या शिक्षणाचा एकत्र पाया मानून खेळातून शिकण्यावर भर दिला. इतकं सगळं हाताशी असताना आपण परक्या पानाच्या छापील कागदासाठी पैसे मोजतो, याला काय म्हणावं?

सण हीच पाठ्यपुस्तकं

शरदात तर वेगळा अभ्यासक्रम शोधायलाही नको. आपल्या सणांनीच तो आखून ठेवलेला आहे.

घटस्थापनेपासून सुरुवात करू. पत्रावळीवर काळी माती पसरून तीत धान्य पेरतात. मुलाच्या हातानं गहू, ज्वारी, मूग वेगवेगळे करून घ्यावेत. निवडणं हाच पहिला गणिताचा पाठ. देवघरातला घट बसला की मातीची दुसरी वाटी मुलाची म्हणून खिडकीत ठेवावी. रोज सकाळी कोंबाच्या उंचीचा दोरा कापून वहीत चिकटवावा. कोंब फुटल्यापासून रोजचा एक दोरा, एकापेक्षा एक लांब. मूल न शिकवता आलेख काढायला शिकलं! आणि नवव्या दिवशी दोन्ही रोपं शेजारी ठेवून विचारावं, देवघरातलं धान पिवळसर आणि खिडकीतलं हिरवं का? उत्तर आपण देऊ नये. थोडं थांबावं.

दसऱ्याची तोरणं ओवताना दोन पिवळे झेंडू, एक केशरी, पुन्हा दोन पिवळे, हा क्रम मुलाला धरू द्यावा. तोरण सुकलं की फेकू नये. वाळलेलं एक फूल मुलाच्या तळहातावर कुस्करावं. पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या, बारीक काडीसारख्या बिया असतात. त्या कुंडीत पेराव्यात. फुलातून बी आणि बीतून रोप हे चक्र त्याला पुस्तकाआधी कळेल.

पारिजात याच दिवसांत फुलतो. पहाटे पडलेली फुलं वेचताना पाकळ्या मोजायला लावाव्यात. कुठल्या फुलाला पाच, कुठल्याला सहा, कुठल्याला सातही. ‘सगळी सारखी नसतात’ हा शोध मुलाला स्वतः लागू द्यावा. देठ ओल्या कागदावर घासले की केशरी-पिवळा रंग उमटतो. त्या दिवशी रंगपेटी नाही उघडली तरी चालेल.

भोंडल्याची खिरापत हा तर इंद्रियशिक्षणाचा अस्सल मराठी खेळ. डबा हलवून आवाज ऐकायचा, झाकणाशी नाक न्यायचं आणि ओळखायचं. गोड की तिखट? कोरडं की ओलं? पूर्वी तो मुलींचाच मानत. बालवर्गात मुलांनाही फेरात घ्यावं, खिरापत सगळ्यांनाच आवडते.

आणि चंद्र! पहिल्या माळेला तो दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या माळेला सूर्य मावळल्यावर पश्चिमेला बारीक कोर दिसते, अष्टमीच्या सुमाराला अर्धा आणि कोजागिरीला पूर्ण. रोज संध्याकाळी गच्चीवर पाच मिनिटं जाऊन मुलानं दिसेल तसा चंद्र वहीत काढावा. मग कोजागिरीच्या दुधाची वाटी हातात घेताना ती पौर्णिमा त्याची स्वतःची असेल.

दिवाळीच्या किल्ल्याबद्दल काय सांगावं? माती कालवणं, बुरूज थापणं, पायऱ्या कोरणं यानं बोटांना जी ताकद येते, तीच पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडते. किल्ल्यावर पेरलेले हळीव थोड्याच दिवसांत हिरवे होतात. रामशेज नाशकाच्या इतका जवळ आहे. आधी खरा किल्ला लांबून का होईना दाखवावा, मग मातीचा करावा.

ओरबाडू नये, ओळखावं

एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी. दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून रस्त्यावर विकल्या जातात आणि त्यात कांचनाचीही भरती असते. आपट्याचं पान लहान, जाडसर, उंचीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि मऊ. दोन्ही दोन पाळ्यांची. दोन्ही पानं कागदाखाली ठेवून वरून खडू फिरवला की शिरांचे ठसे उमटतात आणि फरक मुलांना चटकन दिसतो. वर्गाला दोन पानं पुरतात. ज्याला झाड ओळखता येतं, तो फांदी तोडताना निदान क्षणभर थांबेल.

लहान मुलांच्या हाती बिया देताना मोठ्या माणसानं जवळ बसावं. नाकाकानात दाणा जायला वेळ लागत नाही. कण्हेर, धोतरा आणि लालचुटूक गुंज यांपासून मुलांना दूरच ठेवावं. द्राक्षबाग दाखवायला न्यायचं तर फवारणी कधी आहे, ते मालकाला आधी विचारावं. पण न्यावं जरूर. छाटलेली उघडी-बोडकी वेल बघून आलेलं मूल माघात त्याच वेलीवर घड बघेल, तेव्हा त्याला ऋतू म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

आई-बाबा दोघंही नोकरीला, संध्याकाळी थकून येतात, हे खरं. पण यातल्या बहुतेक गोष्टींना रोजची दहा मिनिटं पुरतात. अडतं ते दुसरीकडेच. ‘मातीत हात घालू नकोस’ हे वाक्य आपल्या तोंडातून फार लवकर निघतं. हात साबणानं धुता येतात. शरद मात्र वर्षातून एकदाच येतो आणि मूल चार वर्षांचं एकदाच असतं.

नातीचा तो कागद मी फाडला नाही. तिच्या बाईंनी प्रेमानं दिलेला होता. आम्ही दोघी खाली गेलो, कडुनिंबाची एक काडी उचलली आणि त्या लाल पानाशेजारी चिकटवली. खाली तिच्या सांगण्यावरून मी लिहिलं, ‘आमचं झाड अजून हिरवं आहे.’ दुसऱ्या दिवशी कागद शाळेत गेला. बाईंनी तो भिंतीवर लावला. आठवड्याभरात त्याच्या आजूबाजूला पेरू, जास्वंद आणि आंबा यांची पानं येऊन बसली, मुलांनी आपापल्या घरून आणलेली. सगळी हिरवी.

आज रविवार आहे. घरात एखादा रिकामा डबा असेलच. तो मुलाच्या हातात द्या आणि त्याचं बोट धरून खाली उतरा. काय गोळा करायचं, ते त्यालाच ठरवू द्या.