विश्लेषण : करार पाच वर्षांचा, मुक्काम कायमचा... मॉरिशसला गेलेला मराठी तरुण तिथे कसा जगला?

वैरागहून पुण्या-मुंबईला किंवा आखातात कामाला गेलेला तरुण पोहोचल्याबरोबर घरी फोन करतो. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबई बंदरातून मॉरिशसच्या जहाजात चढलेल्या तरुणाला ही सोय नव्हती. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवून गेलेले अनेक जण परत आलेच नाहीत. या इंग्रज वसाहतीत त्यांचे आयुष्य कसे होते?

मजूर का हवे होते?

हे बेट इंग्रजांनी १८१० मध्ये फ्रेंचांकडून जिंकले. तिथले उसाचे मळे गुलामांच्या श्रमावर चालत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांची नजर भारताकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजीच ‘ॲटलास’ जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर तिथे उतरवले होते. फसवणुकीच्या तक्रारींमुळे ही भरती काही काळ थांबली; १८४२ पासून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून ती पुन्हा सुरू झाली. सर्वाधिक मजूर बिहारकडचे होते. मराठी मजूर प्रामुख्याने रत्नागिरी, सातारा, सावंतवाडी या भागांतून गेले.

करारात काय होते?

‘ॲग्रीमेंट’चे बोलीभाषेत ‘गिरमिट’ झाले आणि मजूर ‘गिरमिटिया’. सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिना पाच रुपये पगार, शिवाय शिधा आणि कपडे असत. खरी मेख होती ‘डबल कट’मध्ये. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. तापाने अंथरूण धरले, तरी महिन्याचा हिशेब बिघडे. पगारही अनेकदा थकवला जाई.

बेटावर उतरल्यावर काय होई?

पोर्ट लुईसच्या धक्क्यावर १८४९ पासून मजुरांसाठी तळ होता. तिथे मजुराला क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, गाव, जात, वय अशी नोंद होई आणि मग त्याची रवानगी मळ्यावर. हाच तळ आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो. २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

करार संपल्यावर सुटका होई का?

कागदावर होई. पण १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला तर ‘भटक्या’ ठरवून अटक होई. १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला. आदोल्फ द प्लेव्हिट्झ या मळा-व्यवस्थापकाने त्यांना साथ दिली. पुढच्याच वर्षी चौकशीसाठी रॉयल कमिशन आले. त्याच्या अहवालाने मजुरांच्या तक्रारींत तथ्य असल्याचे दाखवून दिले.

मराठीपण कसे टिकले?

अनेक घरांत पणजोबांचे नावच आडनाव झाले. रोजची बोली क्रिओल झाली. तरी शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

आज याचा उपयोग काय?

आगमनाच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. त्यांतल्या गावाच्या नावावरून वंशज आपले मूळ शोधतात. परदेशी निघालेल्या आजच्या तरुणासाठी धडा सरळ आहे. पगाराचा आकडा पाहून सही करू नका; खाडा, कपात आणि परतीच्या तिकिटाची कलमे आधी वाचा. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर मोबाइलवरूनच तपासता येते. गिरमिटियाला ही सोय नव्हती.