शनिवारचा खेळ – ६ : चेंडू सोडा, पाय बघा

आमच्या शेजारच्या आजोबांना एक खोड आहे. फोनवर कुठल्याही शाळकरी खेळाडूचा व्हिडिओ लागला की ते स्क्रीनचा वरचा अर्धा भाग आपल्या रुंद तळव्याने झाकतात आणि उरलेल्या अर्ध्यात डोळे घालून बसतात. पहिल्यांदा मला वाटलं, उन्हाची तिरीप येतेय म्हणून आडोसा धरलाय. मग त्यांनीच सांगितलं, "वरती चेंडू असतो. चेंडू दिसला की माणूस पाय बघायचं विसरतो." आम्हाला ओहायोतल्या कोलंबसला येऊन नऊ वर्षं झाली. अमेरिकन फुटबॉल मला कळतो असं जे मी या लेखमालेत मिरवते, त्यातला निम्मा वाटा त्या तळव्याचा आहे.

मागच्या आठवड्यात आपण ताऱ्यांचा हिशोब बघितला. कॉलेजच्या संघांना हव्या असलेल्या सतरा वर्षांच्या पोरांना दोनपासून पाचपर्यंत तारे कोण देतं, वगैरे. त्यावर एका वाचकाने रास्त प्रश्न विचारला: तारे देणाऱ्यांचं ठीक आहे, तो त्यांचा धंदा, पण घरी बसलेला चाहता तोच व्हिडिओ बघून "याचे पाय जड आहेत" असं छातीठोकपणे सांगतो, ते कशाच्या जोरावर?

थोडं कारण नियमातच आहे. एनसीएए या कॉलेज क्रीडासंस्थेच्या नियमांप्रमाणे मुलाने सही करेपर्यंत प्रशिक्षकाला त्याच्या खेळाविषयी जाहीरपणे बोलता येत नाही. सह्यांचे हंगाम दोन, डिसेंबरातला आणि फेब्रुवारीतला. म्हणजे वर्षातले बाकीचे महिने ज्याला सगळ्यात जास्त कळतं तो गप्प आणि ज्याला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे तो बोलायला मोकळा. आमच्याकडे केशकर्तनालयापासून मुलांच्या वाढदिवसापर्यंत कुठेही दोन बकाय, म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाचे चाहते, भेटले की ही चर्चा सुरू होते. त्यात मला निदान दोन प्रकारचे लोक दिसतात: चेंडू बघणारे आणि पाय बघणारे.

आधी त्या व्हिडिओचं सांगते. शाळेच्या सामन्यांचं चित्रीकरण बहुधा 'हडल' नावाच्या सेवेवर चढतं. ती २००६ मध्ये नेब्रास्कातल्या लिंकन गावी सुरू झाली. मुलगा (किंवा त्याचे वडील) त्यातले आपले उत्तम क्षण निवडून तीन-चार मिनिटांची फीत बनवतो. प्रत्येक क्षणाच्या आधी चित्र थांबतं, आपल्या नायकाभोवती गोल किंवा बाण उमटतो, मागे ढणढण संगीत. ही फीत खोटी नसते; पण स्थळं बघताना दाखवलेल्या फोटोसारखी असते. त्यात सगळ्यात टाळ्याखाऊ दृश्य म्हणजे 'पॅनकेक': समोरच्याला उताणा पाडून जमिनीला चिकटवणं. आपण धिरडं म्हणू. आता १३५ किलोचा मुलगा ८० किलोच्या पोरावर पडला तर धिरडं होणारच. त्यातून मुलाचं वजन कळतं, खेळ नाही. आजोबा धिरड्याआधीची दोन पावलं बघतात आणि धिरडं व्हायच्या आत पुढचा तुकडा लावतात.

ही दोन पावलं सगळ्यात जास्त कुणाची बघायची, तर डाव्या टॅकलची, म्हणजे रांगेत डावीकडे उभं राहून क्वार्टरबॅकला सांभाळणाऱ्याची. चेंडू फेकणारा हा क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर फेकायला वळल्यावर त्याची पाठ डावीकडे होते. तिकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइझमन याला न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने गाठलं आणि थाइझमनचा पाय सगळ्या देशासमोर टीव्हीवर मोडला. तो पुन्हा खेळला नाही. मायकेल लुइस यांचं २००६ चं 'द ब्लाइंड साइड' हे पुस्तक त्या प्रसंगापासूनच सुरू होतं. टेलरसारखे चपळ हल्लेखोर आल्यावर त्यांना अडवणाऱ्या डाव्या टॅकलचा भाव वाढत गेला. तोवर त्या जागेवरच्या माणसाचं नाव फारसं कुणी विचारत नसे.

त्याला करायचं काय असतं? समोर ११५ किलोचा माणूस त्याला बाहेरून वळसा घालायला धावत सुटलाय, आणि याने तोंड त्याच्याकडे ठेवून, उलट्या पावलांनी मागे जायचं. हे धावणं नसतं. डावा पाय मागे तिरका टाकायचा, मग उजवा त्याच्यामागे ओढायचा. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. याला 'किक स्लाइड' म्हणतात. पाय एकमेकांना ओलांडता कामा नयेत आणि जवळही येता कामा नयेत. टाचेला टाच लागली त्या क्षणी माणूस बाटलीसारखा उभा असतो, बोटाने ढकलला तरी जातो. पाऊल उचलायचंही फार नाही, जेमतेम गवताला घासून. शिवाय वाकायचं ते गुडघ्यात आणि घोट्यात, कमरेत नाही. कमरेत वाकणाऱ्याचं डोकं पुढे जातं, डोक्यामागोमाग वजन, आणि चपळ हल्लेखोर त्याचा हात झटकून निघून जातो. "गुडघ्याने वाकतो की कमरेने?" हा प्रश्न मी इथे इतक्यांदा ऐकलाय की आता भाजी निवडायला खाली वाकणाऱ्या माणसाकडेही माझं तसंच लक्ष जातं.

आपल्या क्रिकेटच्या वर्णनांत 'पदलालित्य' हा सुंदर शब्द आहे. टॅकलच्या बाबतीत तो वापरायला जीभ वळत नाही, कारण दिसायला त्यात लालित्य कुठेच नाही. इथले जुने लोक अशा मुलाला 'नाचरं अस्वल' म्हणतात, आणि ती मोठी शाबासकी असते.

गंमत अशी की शाळेच्या सामन्यात हे बघायला फारसं मिळत नाही. कितीतरी शाळा चेंडू फेकण्यापेक्षा हातात घेऊन पळण्यावर भर देतात. मग टॅकल सतत पुढे ढकलत असतो, मागे सरकायची वेळच येत नाही. म्हणून जाणता चाहता दुसऱ्या खेळात डोकावतो. हाच मुलगा बास्केटबॉल खेळतो का? तिथे बचाव करताना तो बाजूला सरकतो तेव्हा पाय ओलांडतो का? कुस्ती खेळतो का? गोळा फेकतो का? गोळाफेकीचं वर्तुळ अवघं २.१३५ मीटर व्यासाचं. त्यात सगळा देह घुमवून किंवा सरकवून कड्याच्या आत थांबायचं म्हणजे मोठ्या अंगाला बारीक पाय शिकवण्याचीच तालीम.

याचं नमुनेदार उदाहरण आयोवातल्या माउंट व्हर्नन गावचा ट्रिस्टन वर्फ्स. शाळेत असताना गोळा आणि थाळी फेकायचा, शिवाय हेवीवेट गटात राज्यात कुस्ती जिंकला. त्या गटाची मर्यादा २८५ पौंड, म्हणजे साधारण १२९ किलो, आणि ती गाठायला त्याला वजन उतरवावं लागलं होतं! कोल्हापुरातला एखादा वस्ताद त्याला आखाड्यात उभा असलेला बघून पवित्र्यावरूनच काय ते ओळखता. २०२० च्या व्यावसायिक चाचणीत १४५ किलोच्या या गड्याने जागेवरून साडेछत्तीस इंच उंच उडी मारली. त्याच वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत टँपा बेने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच हंगामात तो सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

कॉर्नरबॅकचं गणित वेगळं. तो बचावातला; हलका असतो, चेंडू झेलायला पळणाऱ्या रिसीव्हरपुढे उलटा धावतो, आणि ज्या क्षणी रिसीव्हर सुसाट निघतो त्या क्षणी त्याला कंबर वळवून सरळ धावायचं असतं. ते वळणं एका पावलात झालं पाहिजे. मधे एखादं फुकट पाऊल पडलं, नुसती टाच टेकली तरी दोन हात अंतर पडतं. चाहते "कमरेत ताठ आहे" म्हणतात ते याला. माझं मत असं की पावलं शिकवता येतात, कंबर फार थोडी शिकवता येते. आजोबांना हे मान्य नाही.

उरला वेग. ४० यार्डांची, म्हणजे साडेछत्तीस मीटरची धाव हा या खेळाचा ठरलेला मापदंड. त्यावर मी फार शाई खर्च करणार नाही. शाळकरी पोरांचे आकडे पुष्कळदा हातातल्या घड्याळाचे असतात. मुलगा हलल्याचं दिसून अंगठा दाबेपर्यंत वेळ जातो, तो सगळा मुलाच्या फायद्याचा. म्हणून कुणी "साडेचार सेकंद" म्हणालं की आजोबा विचारतात, "शाळेच्या ॲथलेटिक्समध्ये शंभर मीटर कितीत धावला?" तिथे बहुधा स्वयंचलित घड्याळ असतं, मोठ्या स्पर्धांत वाऱ्याचीही नोंद असते.

आता या विद्येची मर्यादा. पायांवरून आज काय आहे ते कळतं. दोन वर्षांनी त्या पायांवर किती माणूस उभा असेल ते कळत नाही. लेन जॉन्सन टेक्सासमधल्या ग्रोव्हटनला शाळेत क्वार्टरबॅक होता. तिथून ज्युनियर कॉलेज, मग ओक्लाहोमा. तिथे तो आधी टाइट एंड (अडवणारा आणि चेंडू झेलणाराही) झाला, मग बचावफळीत गेला, शेवटी टॅकल. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडलं तेव्हा तो १३७ किलोंचा होता. वजन वाढत गेलं तरी क्वार्टरबॅकचे पाय टिकले. शाळेतल्या त्याच्या फितीत टॅकल शोधणाऱ्याला काय सापडलं असतं? आणि जे. जे. वॉट तर दोन तारेवाला. सेंट्रल मिशिगनमध्ये टाइट एंड म्हणून सुरुवात करून, शिष्यवृत्तीविना विस्कॉन्सिनच्या दारात उभा राहिलेला. पुढे एनएफएलचा सर्वोत्तम बचाव खेळाडू हा मान त्याला तीनदा मिळाला. उलट पाच ताऱ्यांची, हरणाच्या पायांची पोरं अंगावर पंधरा-वीस किलो चढल्यावर जडावतात, तेही दरवर्षी दिसतं. सरासरीत पाच तारेवाले पुढेच असतात, याबद्दल वाद नको. वाद एकेका मुलाबद्दल होतो आणि चाहत्याला रस एकेका मुलातच असतो.

गेल्या शुक्रवारी आमच्या शाळेचा सामना होता. माझा मुलगा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, म्हणून मी जाते. आजोबा टॅकल बघायला येतात. पाहुण्या संघात सहा फूट पाच इंची एक मुलगा होता, बऱ्याच विद्यापीठांची नजर असलेला. आजोबा गुडघ्यावर घोंगडी घेऊन बसले आणि चेंडू कुठे आहे ते त्यांनी तासभर बघितलं नाही. मध्यंतराला मुलाचा बँड मैदानात उतरला तेव्हा मी विचारलं, "कसा वाटतो तुम्हाला?"

"डावा पाय छान पडतो. उजवा ओढताना दमतो, मग टाचा जवळ येतात. तिसऱ्या पावलाला बघ. टॅकल नाही होणार हा. आत सरकवतील, गार्ड करतील."

"सतराच वर्षांचा आहे की हो. दमेल नाहीतर काय?"

"म्हणून तर बघतोय," ते म्हणाले.

सामना संपला, पाहुणे हरले. आम्ही गाडीकडे निघालो तेव्हा तो मुलगा बसकडे चालला होता. हेल्मेट काखेत, दुसऱ्या हातात कुणीतरी दिलेला पिझ्झाचा तुकडा, मागून आई त्याचं जाकीट घेऊन येतेय. मी आईकडे बघत होते. आजोबा वाटेतच थांबले होते. बसच्या तीन पायऱ्या तो कसा चढतो ते बघत.